सात नंबरच्या गाडीचं फाडलेलं पान

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, व्यवसाय मोटारदुरुस्ती (गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून बंद), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने व कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या गाडीचा क्लच महिनाभरात जाणार हेही सांगितलं. याआधीचं मृत्युपत्र, ज्यात सगळं पुतण्याला दिलं होतं, ते रद्द समजावं.

१. राहत्या दोन खोल्या व पुढचं गॅरेज माझा मित्र लंब्या याच्या मुलीला द्यावं. ती शाळेत गणित शिकवते. पुतण्याने हरकत घेऊ नये. मी इस्पितळात असताना त्याने टेप आणून या खोल्या मोजल्या. परत आलो तर भिंतींवर पेन्सिलीच्या खुणा. विचारलं तर म्हणतो, "सहज हो, काका." त्या खुणा पुसायला त्याला एक ओलं फडकं द्यावं.

२. पान्यांचे दोन्ही संच, जॅक व ग्राइंडर पलीकडच्या गल्लीतल्या मेकॅनिक बाईंना. बॉनेट उघडण्याआधी इंजिन ऐकून घेणारं माणूस मी त्यांच्याशिवाय दुसरं पाहिलेलं नाही.

३. युद्धातल्या सेवेबद्दल मिळालेलं पदक मोज्यांच्या खणात आहे. ते भंगारात घालावं. कारण पुढे देतो.

४. युद्धात मी लष्कराच्या ट्रकांची तपासणी करत असे. लंब्या सात नंबरची गाडी चालवायचा. एवढा उंच, की स्टिअरिंगमागे घडी घालून ठेवल्यासारखा दिसे. एका सकाळी त्याच्या गाडीचं ब्रेक ऑइल गळताना दिसलं. मी नोंदवहीत लिहिलं: रस्त्यावर नेण्यास अयोग्य. आमचे साहेब आले. भर लढाईतही त्यांच्या पँटची घडी मोडत नसे, म्हणून आम्ही त्यांना इस्त्रीसाहेब म्हणायचो. ते म्हणाले, "दारूगोळा काय डोक्यावरून नेऊ? पान बदल."

मी पान फाडलं. नव्या पानावर 'योग्य' लिहिलं.

लंब्याने विचारलं, "काय रे, घाट उतरेल ना?"

मी म्हणालो, "सावकाश घे."

"मी कधी घाई केलीय?" असं म्हणून तो हसत निघाला. खरं सांगायला मला तेवढाच वेळ होता, आणि मी चिंधीला हात पुसत उभा राहिलो. घाटातल्या तिसऱ्या वळणावर गाडी खाली गेली.

चौकशीत ठरलं: चालकाचा निष्काळजीपणा. त्यामुळे स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव नाही. त्या स्मारक समितीचे अध्यक्ष इस्त्रीसाहेबच. दर वर्षी ते तिथे उभे राहून बलिदानावर बोलतात, गळा दाटून आणतात. दर वर्षी मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. साहेबांची मला किळस येते, पण माझ्या या तळहातांची जास्त येते. फाडलेलं पान मी जपून ठेवलं आहे. माझ्यामागे ते लंब्याच्या मुलीला द्यावं.

५. मी गेल्यावर समितीने भाषण करू नये, फुलं पाठवू नयेत. इस्त्रीसाहेब आलेच तर त्यांना दारातूनच परत पाठवावं.

६. हे कलम आज, सही करण्यापूर्वी जोडत आहे.

लंब्याच्या मुलीला आज सकाळी बोलावून वरचं सगळं वाचायला दिलं. पान हातात ठेवलं. तिने ते दोनदा वाचलं.

"हे मी तुम्ही गेल्यावर वाचायचं होतं?"

"हो."

"म्हणजे जाब विचारायला मी येणार, तेव्हा तुम्ही नसणार."

मी सहीसाठी काढलेलं पेन टोपण लावून खाली ठेवलं.

"आई शेवटपर्यंत बाबांना दोष देत गेली," ती म्हणाली. "आणि तुम्ही दर महिन्याला यायचात. तिच्यासमोर बसून चहा प्यायचात. कसा उतरायचा हो तो घशाखाली?"

उतरायचा. साखर कमी असेल तर मी मागूनही घेत असे. हे तिला सांगितलं नाही, इथे लिहितो.

ती म्हणाली, "घर नको मला. उद्या अकरा वाजता लष्कराच्या कचेरीत चला. बोलायचं तुम्ही. मी नुसती शेजारी बसेन."

मी येतो म्हणालो आहे. कलम एक तसंच ठेवतो. नाकारायचा हक्क तिचा आहे, तो मी परस्पर वापरणार नाही. पान मात्र या मृत्युपत्रातून वगळतो, कारण ते ती घेऊन गेली. जाताना तिने मला नेहमीसारखं काका म्हटलं नाही.

स्थळ: गॅरेजमागची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी साडेअकरा
सही: (स्वहस्ते, प्रत्येक पानावर)

आमच्या समक्ष सही केली. यातलं काहीही आम्हाला मिळणार नाही.
साक्षीदार १: डॉक्टर (सही)
साक्षीदार २: शेजारचे औषधविक्रेते (सही)