अक्काच्या शालीतली मुरड

माय, आज तुझ्याशी भांडायलाच बसले आहे. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे मध्येच बोलून माझं म्हणणं तोडायला तू नाहीस, एवढीच काय ती सोय. धुळ्यात ऊन नुसतं भाजून काढतंय, पंखा गरम हवा फेकतोय आणि मी मांडीवर लोकरीची शाल घेऊन बसले आहे. शेजारीण मघाशी दारातून डोकावली. म्हणाली, "काकू, बरं आहे ना?" म्हटलं, बरं आहे. तिला काय सांगणार, की जळगावात माझी मोठी बहीण आहे आणि तिला भर उन्हाळ्यात थंडी वाजते?

अक्काला कॅन्सर झालाय. मला ते भाचीच्या फोनवरून कळलं, कारण अक्का माझ्याशी बोलत नाही. हे तुला ठाऊक नसणार, ते तुझ्या तेराव्याला घडलं. जेवणं उरकली होती, पाहुणे ओट्यावर पान खात बसले होते, आणि मी सगळ्यांदेखत अक्काला म्हणाले, "रात्रंदिवस तुझ्यापाशी होती माय, तुला कळलं कसं नाही? वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर आज बसली असती इथे." अक्का उष्टी ताटं उचलत होती. ती उचलतच राहिली. माझ्या जिभेला हाड नाही हे तू नेहमी म्हणायचीस, तर घे, बरोबर होतीस. आणि मी तरी कुठे आले होते त्या महिन्यात? रजा मिळत नाही म्हणून सांगितलं होतं. खरं म्हणजे मी रजा मागितलीच नव्हती.

भाची फोनवर म्हणाली, "मावशी, ये असं म्हणत नाही मी. पण औषधं चालू झाल्यापासून आईला सारखी हुडहुडी भरते, दोन गोधड्या घेते तरी. तुला माहीत असावं म्हणून सांगितलं." मी फोन ठेवला आणि सुया शोधायला लागले. दुसरं काय करणार होते? डॉक्टर मी नाही, आणि माफी मागायला तोंड लागतं. दुकानातली शाल घेऊन देता आली असती, पण मला तुझी मुरड घालून विणायची होती.

मुरड हा शब्द शाळेत मधल्या सुट्टीत तुझ्याकडूनच ऐकला. पारोळ्याच्या, तू शिकवायचीस त्या शाळेत इतर शिक्षिका डबा खाऊन गप्पा मारायच्या आणि तू खिडकीशी बसून स्वेटर विणायचीस. मागचा भाग मानेखाली नीट बसावा म्हणून तू ओळ पूर्ण न करता मधूनच सुई वळवून परत फिरायचीस. मी विचारलं, हे काय, तर म्हणालीस, मुरड. जिथून वळायचं त्या टाक्याला लोकरीचा एक वेढा, तुझ्या भाषेत येढा, द्यायचा, मग परतायचं. अक्काला ते एका दिवसात जमलं. मी येढे द्यायला विसरायचे आणि विणीत ओळीने भोकं पडायची. तू ते उजेडाकडे धरायचीस आणि पोरींसमोर म्हणायचीस, "कसानी घाई शे तुले? येढा नही दिधा ते भोक पडी. बठ्ठं उसव." सगळंच्या सगळं उसवायचं, एवढ्या पोरींसमोर. अजून राग आहे मला त्याचा.

आणि तोच शब्द स्वयंपाकघरातही. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघी माहेरी यायचो, आणि निघायच्या दिवशी तू कानवले करायचीस, त्यांच्या कडेला बोटांनी मुरड घालत. मुरड घातली की लेक परत फिरून येते म्हणायचीस. अक्काच्या हातच्या मुरडी तुझ्यासारख्या यायच्या, माझे कानवले कढईत फुटायचे. तेव्हा आम्ही दोघी हसून हसून बेजार व्हायचो.

तर शालीचं सांगते. आलेखाच्या कागदावर आधी आखून घेतली. लांब ओळीचे टाके घालायचे, पहिल्या रंगात प्रत्येक वेळी चार टाके अलीकडूनच मुरडायचं, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती फोड तयार होते, कलिंगडाची असते तशी. मग दुसरा रंग घेऊन सगळ्या टाक्यांवरून एक पूर्ण ओळ, आणि पुन्हा मुरडत मुरडत दुसरी फोड. अशा सात फोडी झाल्या की शाल आपोआप वाकते आणि खांद्यावरून घसरत नाही. पडून राहणाऱ्या माणसाला घसरणारी शाल काय कामाची? रंग केळीच्या पानांचे घेतले, कोवळ्या पोपटीपासून वाळलेल्या पानाच्या तपकिरीपर्यंत. तपकिरी मग काढून टाकला. आजारी माणसाच्या अंगावर वाळलेलं पान कशाला?

कागदावर सोपं होतं. सुईवर पहिल्यांदा शाल भलत्याच बाजूला वाकली. उसवली. दुसऱ्यांदा एक फोड रुंद झाली. उसवली. लोकर उसवून उसवून पिंजारली, माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, आणि तिकडे अक्काला एकेक दिवस जड जातोय. तुला हाक मारली मी त्या दिवशी मोठ्याने. वेडी म्हणशील.

तिसऱ्यांदा पूर्ण झाली तेव्हा भाचीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "आईने फोटो मोठा करून पाहिला. म्हणाली, चौथ्या फोडीत येढा राहिलाय, भोक दिसतंय." मग भाची पुढे सांगू लागली, "आणि म्हणाली, तिले सांग, उसवू नको. जशी शे तशी लई ये."

अकरा वर्षांनी अक्काने माझ्यासाठी काढलेले शब्द, माय. दोनदा विचारलं मी भाचीला, खरंच असं म्हणाली का. ती म्हणाली, मावशी, आहे तशी घेऊन लवकर ये.

मी उसवली. भोक असलेली शाल कशी द्यायची, असं स्वतःलाच सांगितलं. रोज विणत बसले आणि परवा सकाळी ती पुरी झाली. भोक नाही, वाक बरोबर, कडा सरळ. पिशवी भरली, नवी साडी नेसले, जळगावच्या गाडीसाठी स्टँडवर जायला रिक्षाही बोलावली. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता, आणि मी खुर्चीत बसून शेवटची फोड उसवायला घेतली.

तिच्यात काहीही चुकलेलं नव्हतं. अक्कासमोर उभी राहून पहिलं काय बोलायचं, ते मला अजून येत नाही.