पाठीमागचे डोळे

बोरवाही, ता. मुलचेरा
२४ मार्च २०२४

चि. गुणवंतास रुखमाताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे धडधाकट आहेत, तुमची खुशाली कळव. फोन लावायला तलावाच्या पाळीवर चढावं लागतं आणि तिथे बोललेलं अर्ध्या गावाला ऐकू जातं, म्हणून पत्र. तुझ्या बायकोच्या गुडघ्याची मी चौकशी केली आहे असं तिला मोठ्याने वाचून दाखव, नाहीतर म्हणेल नणंदेला काही पडलेली नाही.

तू दिलेला कागदांचा आणि पुठ्ठ्यांचा गठ्ठा कंडक्टरने आणून टाकला. जन्मभर कागद कारखान्यात राबलास, त्याचा उपयोग शेवटी माझ्या अंगणातल्या सात पोरांना झाला. मोहफुलं पडायला लागली आहेत. बाया पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात निघतात आणि झोपेतली पोरं माझ्या ओसरीवर बाजारातल्या वांग्यांसारखी ओतून जातात. अंगणवाडीतून रिटायर झाले, पण पोरं मला रिटायर होऊ देतील तर ना. आपली पुनमही दिव्यानीला सोडून जाते. आपली शकू जिवंत असती तर तिनेच नातीचे लाड केले असते. आता पाच वर्षांच्या त्या भवानीची हमाली मावशीआजीकडे.

यंदा या बाजूला वाघ फिरतो आहे. फॉरेस्टवाले येऊन सांगून गेले की वाघ मागून येतो, डोळे दिसले तर येत नाही, तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधा. मुखवटे बारा आणि बाया तीस. मी म्हटलं, राहिलेले आम्ही करतो. तुझे पुठ्ठे, कोळसा, गेरू आणि पोरांची अक्कल. दिव्यानीने आईसाठी केलेल्या मुखवट्याला बशीएवढे डोळे, त्यात काजळ, कपाळावर टिकली आणि नाकात नथ. पुनम हसून हसून बेजार. म्हणाली, हा बांधून गेली तं वाघ मले मागणीच घालन.

पोरं भ्यायली होती म्हणून मी एक खेळ काढला. एकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. वाघाने मागून हळूहळू यायचं. वळून पाहिलं की वाघ जागच्या जागी थांबणार. न पाहता वाघ येऊन पाठीला शिवला की गडी बाद, मग त्याने वाघाच्या मागोमाग जंगलात जायचं आणि कोणी हाक मारली तरी वळायचं नाही. जंगल म्हणजे माझी न्हाणी. सकाळभर किंचाळ्या चालू असतात.

उन्हात हिंडू नकोस. पत्राला उशीर केलास तर मी येऊन कान धरीन.

तुझी,
रुखमाताई


बल्लारपूर
१ एप्रिल २०२४

तीर्थस्वरूप ताईस गुणवंताचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. गुडघ्याची चौकशी दोनदा वाचून दाखवली, त्यामुळे दोन दिवस चहा वेळेवर मिळाला. माझ्या हाताखालून गेलेल्या कागदावर पुढे कोणी काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही. आता तो वाघ वाचणार म्हणजे बढतीच म्हणायची.

पुनमला सांग, मामाने बजावलं आहे, एकटीने आत जाऊ नकोस. चार फुलं कमी आली तरी चालतील. दिव्यानीसाठी रंगीत खडूंची पेटी पाठवतो आहे. मोह संपला की दोघी मायलेकींना इकडे घेऊन ये, पोरीला स्टेशनावर नेऊन गाड्या दाखवू. तुझ्या न्हाणीपेक्षा मोठं जंगल पाहू दे तिला.

धाकट्यावर माया ठेवावी.

तुझा,
गुणवंत


बल्लारपूर
२४ एप्रिल २०२४

तीर्थस्वरूप ताईस सप्रेम नमस्कार.

पुनमला जाऊन सोळा दिवस झाले, आणि लिहायला बसलो की पेन पुढे सरकत नाही. तेरवीला आलो तेव्हा तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. तू चुलीपुढून उठलीच नाहीस. माझ्याकडे मान वर करून बघितलंही नाहीस. वाघाने नेलं तेव्हा बरोबरच्या बाया दोन हातांवर होत्या आणि कोणाला आवाजसुद्धा आला नाही, असं आपला जावई निकेश सांगत होता. आपल्या शकूची एकुलती एक पोर. लग्नात तिचा हात मीच त्याच्या हातात दिला होता.

मला एकच गोष्ट खाते आहे. तो पुठ्ठा मी पाठवला होता. मुखवटा आहे म्हणून ती जरा जास्त आत गेली असेल का? कोणाला विचारू?

दिव्यानीची काळजी वाटते. तेरवीत ती रडली नाही, भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी मागून दोनदा हाक मारली, वळली नाही. निकेश तर स्वतःच हरवल्यासारखा झाला आहे. पोरीला काही दिवस आमच्याकडे पाठव. तुझ्या मनात जे आहे ते लिही ताई, माझ्यापासून लपवू नकोस.

तुझा,
गुणवंत


बोरवाही
३० एप्रिल २०२४

चि. गुणवंतास आशीर्वाद.

लपवत नाही. वाच.

दिव्यानी मागे बघत नाही. मारलं, गोंजारलं, जिलेबी दाखवली, तरी नाही. अंगणात भिंतीकडे तोंड करून तासन्‌तास उभी राहते. पहिल्यांदा वाटलं पोर दुःखात आहे. मग जवळ घेऊन विचारलं तेव्हा म्हणाली, आई येऊन राह्यली आहे. मागं पाहलं तं थांबते, म्हणून मी पाहून नाई राह्यली.

गुणवंता, हा माझाच खेळ. वाघाच्या जागी तिने आई ठेवली आहे.

परवा ती सडकेवर उभी होती. सूरजागडकडून लोखंडाच्या दगडाचे ट्रक दिवसभर येतात. मागून ट्रक हॉर्न वाजवत आला आणि ही पोर वळेना की सरकेना. ड्रायव्हरने गाडी शेतात घातली म्हणून वाचली. तो बिचारा खाली उतरून रडायला लागला. हिने त्याच्याकडेही पाहिलं नाही.

तुझ्या खडूंनी ती रोज एक चित्र काढते. वर मोहाचं झाड, मग नाला, नाल्यावरचा रपटा, मारुती, बोरिंग, आणि खाली माझं अंगण. त्या वाटेवर आई. पहिल्या चित्रात झाडाखाली होती, चार दिवसांत रपटा ओलांडला, आज मारुतीपाशी आहे. आईला तोंड काढलेलं नाही. का गं म्हटलं, तर म्हणते, अजून पाहलंच नाई ना मी. दुसरी पोरं माझ्या अंगणात यायला भितात. निकेशने एक चित्र पाहिलं आणि घरी जाऊन पडून राहिला. तुझ्याकडे पाठवायचं नाव काढलं तर पोर म्हणते, मी गेली तं आई कोणाकडे येईल?

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पोरीच्या प्रत्येक चित्रात पुनम वाकलेली आहे, मोहफुलं वेचताना बाई वाकते तशी. डोक्यामागे मुखवटा आहे, आणि त्याचे दोन्ही डोळे वर आभाळाकडे. वाकलेल्या बाईचा मुखवटा मागे बघतच नाही रे, वर बघतो. मी चाळीस उन्हाळे मोह वेचला आहे. फॉरेस्टवाल्यांना कळलं नाही हे समजू शकते, मला कळायला हवं होतं. मी पोरांकडून अठरा मुखवटे करून घेतले, बायांच्या डोक्यांना माझ्या हाताने दोऱ्या बांधल्या, आणि जा म्हटलं, आता भ्यायचं काम नाही.

तू पुठ्ठा पाठवलास, बस. बाकीचं माझं आहे.

रागावला असशील तरी उत्तर दे.

रुखमाताई


बल्लारपूर
५ मे २०२४

तीर्थस्वरूप ताईस नमस्कार.

रागावलो नाही. तुझं पत्र वाचून मी रडलो आणि मग दोन दिवस नुसता फिरत राहिलो. तू गावाच्या पोरांना वाढवणारी बाई आहेस, तुझा हेतू कोणाला माहीत नाही? पण हे सांगून तुझं ओझं उतरणार नाही, हेही मला कळतं.

आता नीट ऐक. तुझं मार्चचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. तू लिहिलं होतंस की वाघ शिवला की गडी बाद, आणि मग त्याने वाघाच्या मागोमाग जंगलात जायचं, हाक मारली तरी वळायचं नाही. ताई, आई अंगणात पोचली की ही पोर काय करणार आहे? तिला विचारलंस का? ती लहान आहे, पण खेळात लबाडी करणारी नाही, हे तूच मला सांगत असतेस.

कागद, खडू काढून घे. नाहीतर काहीही कर, पण तो दिवस येऊ देऊ नकोस. मला सुट्टी नको की रजा नको, म्हणशील तेव्हा निघतो.

तुझा,
गुणवंत


बोरवाही
१२ मे २०२४

चि. गुणवंतास रुखमाताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र नऊ तारखेला मिळालं. त्याच दिवशी पोरीला विचारलं. ती सहज म्हणाली, आई शिवली का मी तिच्यासंगं जाईन, तसाच तं नेम आहे. चित्रातली आई बोरिंगपर्यंत आली होती तेव्हा. कागद काढून घेतले तर तिने बोटाने धुळीत काढलं. धूळ कुठे लपवू?

काल सकाळी दिव्यानी जत्रेतला फ्रॉक घालून आली. वेण्या स्वतःच घातलेल्या, वाकड्या. आल्याबरोबर तिने खडूंची पेटी उघडली आणि सगळे खडू दुसऱ्या पोरींना वाटून टाकले. लालसुद्धा, ज्याला ती कोणाला हात लावू देत नव्हती. मग ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

मी बाकीच्या पोरांना घरी पाठवलं आणि पाट घेऊन तिच्या मागे बसले. तिच्या पाठीला माझी पाठ लावली आणि तोंड फाटकाकडे केलं. डोळे उघडे ठेवून बसले. थोड्या वेळाने ती कुजबुजली, आजी उठ, तू पाहून राह्यली म्हणून आई थांबली. मी म्हटलं, हो, मी पाहूनच राह्यली आहे, आणि उठणार नाही. तिने विनवण्या केल्या. म्हणाली, एक डाव डोळे मिट न आजी, एकच पाऊल राह्यलं आहे तिचं. गुणवंता, ऊन वर आलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण पापणी लवायची मला हिंमत होईना. फाटकात कोणी नव्हतं. रिकामी वाट होती आणि पलीकडे कुत्रं झोपलं होतं. तरी मी मोठ्याने बोलले. म्हटलं, पुनम, बाई माझे, तुझी पोर मी देत नाही. तू मागे फीर.

त्याबरोबर दिव्यानी गर्रकन वळली. महिन्याभरात पहिल्यांदा. फाटकाकडे पाहिलं आणि जी किंचाळली ती अजून माझ्या कानात आहे. मला बुक्क्या मारल्या, दंडाला चावली. आई आली होती, तू तिले हाकललं, एवढंच पुन्हा पुन्हा. रडून रडून तिथेच माझ्या पायाशी झोपली. निकेश आला, त्याने तिला उचललं आणि तोही पहिल्यांदा मोकळा रडला.

तिथे कोणी नव्हतं, असं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई कधी आलीच नव्हती, हे दुसरं मरण तिच्या पदरात पडलं असतं. त्यापेक्षा आई आली होती आणि या म्हातारीने तिला हाकलून दिलं, हेच बरं. पोरीला रागवायला माणूस तरी मिळालं. आता ती माझ्याशी बोलत नाही, माझ्या अंगणात पाय टाकत नाही. निकेश तिला परवाच्या गाडीने तुझ्याकडे आणतो आहे. आज सडकेवर हॉर्न वाजला तेव्हा तिने मागे वळून पाहिलं आणि बाजूला झाली. ते मी लांबून पाहिलं आणि घरात येऊन देवापुढे दिवा लावला.

तू मला तिकडे ये म्हणशील. येणार नाही. पोरीची वाट मोडली, पण पुनम कुठे गेली नाही. पाणी भरताना, झाडताना, पाठीमागे कोणीतरी चार पावलांवर उभं आहे असं वाटतं. कालच्यापेक्षा आज जवळ. मी वळत नाही. तिला मला काही विचारायचं असेल तर येऊ दे जवळ. त्या मुखवट्याची दोरी मी माझ्या हाताने बांधली होती, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं.

पोरीच्या दोन्ही वेण्या सारख्या घालत जा म्हणावं तुझ्या बायकोला. माझ्यावरची माया आता तिच्यावर कर.

तुझी,
रुखमाताई