शाळेची पाटी

बाबा,

जेवण झाकून ठेवलंय, गोळ्या ताटाशेजारी आहेत. मी छकुलीला घेऊन निघाले.

तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो तुम्ही कौतुकानं ग्रुपवर टाकलात. "सगळी आपलीच माणसं," म्हणालात. मागे शाळेची पाटी लख्ख दिसतेय. ज्याच्या भीतीनं आपण घर बदललं, तो तिचा बाप आज शाळा सुटताना फाटकाशी उभा होता. मी तिला मागच्या दारानं काढलं.

कॉलेजात मी फोटो टाकला की घर डोक्यावर घ्यायचात. पस्तीस वर्षं टपाल वाटलंत, कुणाचा पत्ता कधी तिसऱ्याला सांगितला नाहीत!

असो. उद्या-परवा तो इथेही येईल. "माहीत नाही," एवढंच सांगा. खोटं बोलणं तुम्हाला जमत नाही, म्हणून नवा पत्ता तुम्हालाही लिहीत नाही.