देवघेवीतली पुस्तकं

३ जानेवारी २००२, गुरुवार

काय काय देतात लोक! आज खांदा कॉलनीत फिरले. सीमेवरच्या जवानांसाठी पुस्तकं द्या म्हटलं, तर मिळालं काय — दहावीची गाइडं, जुनी पंचांगं, मिक्सरबरोबर फुकट आलेलं रेसिपीचं पुस्तक. एका काकूंनी गरोदरपणातल्या आहाराचं दिलं. वर म्हणतात, कोरं आहे हो, उघडलंपण नाही.

वाचनालयात विनिता मॅडमनी ते हातात घेतलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अंकिता, बंकरमध्ये कोण बाळंत होणार आहे?"

मी इथे कशी आले तेही लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. बारावीचं गणित राहिलं ते राहिलंच. आई म्हणते, पायाला भिंगरी. डिसेंबरात बाजारात भटकताना पाणी प्यायला वाचनालयात शिरले. मॅडम म्हणजे इथल्या ग्रंथपाल. पेपरात संसदेवरचा हल्ला, सैन्य निघालं, लढाई होणार. त्या मला म्हणाल्या, नुसतीच फिरतेस ना, मग पिशवी घेऊन फीर. तेव्हापासून फिरते. फुकट! पण कुठे उलथली होतीस, असं आईने विचारलं की आता उत्तर आहे — देशासाठी!

५ जानेवारी

स्टेशनात मिलिटरीची गाडी थांबलेली. ताडपत्रीखाली काय ते कळेना. दारात एक जवान चिवड्याच्या पुडीचा कागद वाचत बसलेला. चिवडा संपला होता. तो खरंच वाचत होता, उलटसुलट करून! मॅडमना सांगितलं तर त्यांनी स्वतःच्या पर्समधली कादंबरी काढून जवानांच्या खोक्यात ठेवली.

८ जानेवारी

नेऱ्याला गेले पुस्तकं आणायला. तिथे एका शेतात पोपटी लावलेली. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, वरून जाळ. बस म्हणाले, बसले. संध्याकाळी पनवेलला उतरल्यावर आठवलं — पिशवी तिथेच.

मॅडम रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, तोंडाला काळं लागलंय.

आज सकाळी, नेऱ्याला निघायच्या आधी, वाचनालयात मुकादम चाचांशी पहिल्यांदा बोलले. बोटीवर फिटर होते, आता रिटायर. रोज दहाला येतात, उर्दूच्या कपाटाशी बसतात. गावातल्या बोटीवरच्या लोकांनी पूर्वी बंदराबंदरांतून आणून वाचनालयाला दिलेली ती पुस्तकं. आता वाचणारे एकटे चाचाच. जाड कादंबरी चालू आहे, पाच भागांची. तिसऱ्यात आलेत. डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशन नको म्हणतात. मी म्हटलं, चाचा, मग घाई करा. म्हणाले, घाईच करतोय बेटा, पण ही राजकन्याच सावकाश चालते.

११ जानेवारी, शुक्रवार

आधी लिहून काढते, मग जेवते.

मंडळाची पोरं आज खोके द्यायला आली. प्रितेश पुढे. शाळेत माझ्या एक वर्ष पुढे होता, बरा होता. जवानांसाठी बिस्किटंपण आणलेली. मग त्याची नजर कपाटाकडे गेली. हे काय, म्हणाला. उर्दू, मॅडम म्हणाल्या. तर म्हणे, तिकडे आपली पोरं थंडीत उभी आहेत आणि इथे आपण त्यांची पुस्तकं काचेत ठेवलीत? रद्दीत घाला. कपाट जवानांच्या पुस्तकांना द्या.

चाचा तिथेच! तीन हातांवर! पुस्तक मांडीवर उघडं.

प्रितेशला मग दिसले ते. "चाचा, तुम्हाला नाही हा. पुस्तकांचं बोलतोय."

चाचांनी पानात बोट ठेवलं, पुस्तक मिटलं, म्हणाले, "पुस्तकं ऐकतायत, बाबा."

मी नुसते बिस्किटांचे पुडे मोजत बसले. एरवी माझं तोंड बंद नसतं.

संध्याकाळी वाचनालयाच्या अध्यक्षांचा निरोप आला. ते बिल्डर आहेत, वाचनालयात वर्षातून दोनदा दिसतात. सव्वीस जानेवारीला कार्यक्रम आहे, तोवर ते कपाट रिकामं दिसलं पाहिजे.

१२ जानेवारी

झोप नाही. पुस्तकांना रद्दीत घालतात हे माहीत होतं. असं घालतात हे माहीत नव्हतं.

१४ जानेवारी, संक्रांत

मॅडमना वेड लागलंय! किंवा मला.

तिळगूळ द्यायला गेले तर त्या कपाट उघडून बसलेल्या, हातात शिक्का. "रिकामं करा म्हणालेत ना? रद्दीत घाला असं अध्यक्षांच्या निरोपात कुठे आहे? मी रिकामं करते."

म्हणजे काय, तर पुस्तकं वाचकांना द्यायची! रीतसर. प्रत्येक पुस्तकावर देवघेव विभागाचा शिक्का, सभासदाच्या कार्डावर नोंद, घरी न्यायची. उर्दू येत नसेना का, तसं नियमात कुठे आहे? कुणी विचारलं, पुस्तकं कुठे गेली, तर देवघेवीत आहेत. जगातलं सगळ्यात खरं उत्तर.

मी विचारलं, पकडलं तर? मॅडम म्हणाल्या, नोकरी जाईल. असं सांगितलं जसं काही गाडी चुकेल.

आणि चाचा? त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही, हे आधीच ठरलं. त्यांच्या घरी काही सापडलं तर भलतंच होईल. म्हातारा माणूस, उगीच त्रास.

१७ जानेवारी

तीन दिवस नुसती वाटतेय. पायाचे तुकडे. रसवंतीवाल्याने घेतलं, गुऱ्हाळाच्या कपाटात ठेवलं. तपोवनातल्या जोशी आजींनी उलटं धरलं, मग म्हणाल्या, हे शेवटून सुरू होतं ना गं, मीपण कादंबरी शेवटूनच वाचते. शिंपी म्हणाला, दे, मापाच्या वह्यांत कोण बघतंय.

सत्यवती काकूंनी तर दोन घेतली. सत्यवती काकू म्हणजे प्रितेशची आई! मी फक्त जवानांच्या पुस्तकांसाठी गेलेले, त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं. म्हणाल्या, मला कळलंय सगळं. त्याच्या बापाला दुबईची नोकरी मुकादमांनी लावली होती, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. तांदळाच्या डब्यात ठेवते, तो तिथे मेला तरी हात घालत नाही.

२० जानेवारी, रविवार

उरलेली गोणी घेऊन गव्हाणला, भामा मावशीकडे. मावशीच्या घरातल्या सगळ्यांना मॅडमनी सभासदच करून टाकलं. चाचांच्या कादंबरीचे भाग याच गोणीत. म्हणजे एकत्र राहतील.

मावशीला म्हटलं, "ही देवघेवीतली पुस्तकं हायत. जपून ठेव, कुनाला दाखवू नको."

"माज्याकडं कशाला गो?"

"तुज्याकडं कोन येतंय बगायला?"

अजून नीट सांगणार होते, तेवढ्यात मावसभाऊ म्हणाला, खाडीत चिंबोऱ्या धरायला चल. गेले. चार मिळाल्या, एकीने बोट धरलं. येताना उशीर झाला, तशीच बस धरली.

२६ जानेवारी

झेंडा, भाषणं, बुंदी. जवानांची खोकी हार घालून मांडलेली. अध्यक्षांनी कपाटाकडे बघून मान हलवली. प्रितेशने आतून फडकं मारलं, वर मलाच म्हणाला, बघ, किती जागा झाली.

चाचा दहाला आले. रोजच्यासारखे. कपाट रिकामं झाल्यापासून करतात तसे आधी त्याच्यासमोर उभे राहिले. काचेत त्यांचंच तोंड दिसत असणार. मग बाकावर बसून मराठी पेपर घेतला, डोळ्यांना लावून.

मला सांगावंसं वाटलं — सगळी आहेत, चाचा, सगळी आहेत! मॅडमनी माझं मनगट धरलं. भोवती सगळे होते.

२९ जानेवारी

चाचा येतात. पेपर धरतात. पान उलटत नाहीत.

३१ जानेवारी

आज हसावं की रडावं! ग्रंथालयांची सरकारी तपासणी येतेय. पुस्तकं मोजणार. कमी भरली तर वाचनालयाचा वर्ग उतरणार, वर्ग उतरला की अनुदान. अध्यक्षांची धावपळ. "मॅडम, ती उर्दू पुस्तकं विकली नाहीत ना? आणा, आणा, संख्या दिसली पाहिजे."

मॅडम गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, देवघेवीत आहेत, मागवते.

प्रितेश? त्याला अध्यक्षांनीच गप्प केलं. तसंही सव्वीस तारखेनंतर त्याचं डोकं क्रिकेटमध्येच आहे. एवढंच होतं ते? एवढ्यासाठी आम्ही मेलो?

२ फेब्रुवारी

येतायत परत! सत्यवती काकूंच्या पुस्तकांना तांदळाचा वास. शिंप्याच्यात एक चिंधी खूण म्हणून. जोशी आजी म्हणतात, अजून पंधरा दिवस ठेवू दे, आतली चित्रं बघायची राहिलीत.

उद्या गव्हाण.

३ फेब्रुवारी, रविवार

लिहू कसं.

मावशीच्या दारात पाऊल टाकलं आणि म्हटलं, पुस्तकं दे. मावशी म्हणाली, "ती तर सोडली."

सोडली म्हणजे?

"खाडीत. सुतक आलं ना गो. चुलत दीर गेला. देवाची पुस्तकं बिनपूजेची कशी ठेवायची? घरावर येतं."

कसली देवाची!

मावशी प्रौढांच्या वर्गात दोन महिने गेलेली. अक्षर लावते. आतलं सगळं तिला न कळणारं, एक शिक्काच काय तो मराठी. तोही पुसट. तिने बोट ठेवून दाखवलं होतं म्हणे जावेला — दे, व. देव. आणि मीच तर म्हणाले होते, जपून ठेव. तिने जपलं. देव्हाऱ्याखाली लाल कपड्यात. रोज हळद-कुंकू, उदबत्ती. सुतक पडलं तशी भावकीबाहेरच्या बाईला बोलावून आरती करवली आणि भरतीच्या पाण्यात सोडली. झेंडूची फुलं घालून.

"चुकलं का गो माजं? तू तोंड असं का केलंस?"

मी खाडीवर धावले. ओहोटी. चिखल, कांदळ, बाटल्या. गुडघ्याएवढी आत गेले. लाल कपडासुद्धा नाही.

एक वाक्य अजून बोलले असते तर! एक! मला चिंबोऱ्या धरायच्या होत्या.

४ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. मग रडल्या.

चाचांना तू सांग, म्हणाल्या. तुझीच जीभ.

५ फेब्रुवारी

सांगितलं. सगळं. शिक्क्यापासून झेंडूपर्यंत.

चाचा ऐकत राहिले. मग विचारलं, फुलं नक्की घातली होती? हो. आरतीपण? हो. तर एवढे हसले, की चष्मा पुसावा लागला. म्हणाले, त्या गोणीत अर्ध्या तर जासूसी कादंबऱ्या होत्या, बेटा, खुनाबिनाच्या! एवढी इज्जत त्यांना कुणी दिली नसेल. मावशीला सांग, बरोबर केलंस. आमच्यातही जुनी पाक, पवित्र पानं पाण्यात सोडतात.

आणि राजकन्या? ती आता खाडीच्या हवाली, म्हणाले.

छातीवरचा दगड उतरला. मी सुटलेच. बाकीची कशी वाटली ते सगळं सांगितलं — रसवंती, शिंपी, जोशी आजी, तांदळाचा डबा, प्रितेशची आई! बघा चाचा, सगळं पनवेल तुमच्यासाठी! ते मान हलवत होते. एकेक नाव परत विचारत होते. सत्यवतीनेही घेतलं? शिंप्यानेही?

आज लवकर गेले. डोळे दुखतात म्हणाले.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

चाचांनी सभासदाचं कार्ड परत केलं. मॅडम म्हणाल्या, चाचा, कपाट परत भरत आलंय, आता कशाला? ते टेबलाला हात टेकून उभे राहिले.

"प्रितेशच्या आईवर भरवसा ठेवलात. चांगलं केलंत. मी चाळीस वर्षं येतोय, बाई. मला एकही नाही दिलंत."