ताईच्या खोलीतली धूळ

प्रिय ताई,

फोनवर तुझा आवाज खणखणीत असतो, म्हणजे नोकरी आणि नवं शहर दोन्ही मानवलेलं दिसतंय. मी बरी आहे. आईचा खोकला मात्र हटत नाही. ती तुला सांगायची नाही. तुझा फोन यायचा असला की आधी कोमट पाणी पिऊन, घसा साफ करून, आवाज गोड करून बसते. माझ्या वाट्याला येईपर्यंत तो गोडवा संपलेला असतो, ते सोड.

डॉक्टरांनी छाती तपासून एवढंच विचारलं, घरात कुठे धूळ साठते का? मी आईकडे पाहिलं, आईने छताच्या पंख्याकडे. कारण तुझी खोली. तू गेल्यापासून तिथे झाडू शिरलेला नाही. केर कोपऱ्यापासून काढायचा, पलंगाखाली वाकायचं, ओल्या फरशीवर पाय द्यायचा नाही, हे जिने आपल्याला अक्षरांच्याही आधी शिकवलं, तीच ही आई! माझ्या टेबलावर दोन पुस्तकं तिरकी दिसली तरी "हा काय उकिरडा मांडलायस" म्हणते. तुझ्या टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर आहे.

केर काढायचा कंटाळा आला की तू काय म्हणायचीस, आठवतं? "आई, धूळ म्हणजे माणसाची झडलेली कातडीच असते गं. पोटच्या पोरीला सुपलीत भरून फेकशील?" आई हसायची आणि झाडू माझ्या हातात यायचा. चेष्टा तुझी, केर माझा. पण आईने ते खरं मानून मनात जपून ठेवलंय. परवा मी फडकं घेऊन तुझ्या दारात गेले, तर म्हणाली, "राहू दे गं. तेवढीच तर उरलीये ती घरात." मी घरातच होते, ताई. तिच्या समोर, हातात फडकं धरून.

खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. आमच्या प्रयोगशाळेत कारखान्यांमधली धूळ तपासायला येते, हे तुला माहीत आहे. तुझ्या टेबलावरची चिमूटभर मी पुडीत बांधून नेली. घरचं काम म्हणून साहेबांना आधी विचारलं आणि जेवणाच्या सुट्टीत सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मी तुला शोधत होते, आणि तू सापडू नयेस असंही वाटत होतं. कातडीचे कण होते थोडे, पण ते कुणाचे हे भिंग सांगत नाही. बाकी रस्त्यावरची माती, फुलांचे पराग, गाड्यांची काजळी, तुझ्या पुस्तकांचा भुगा. आणि जिकडे तिकडे हिरवी लोकर. आईच्या स्वेटरची.

मग माझ्या खोलीतली धूळ नेली. मी रोज पुसते, त्यामुळे कपाटामागून खरवडावी लागली. माती होती, माझे केस होते. हिरवा धागा एकही नाही. माझीच नजर चुकली असेल म्हणून पुन्हा पाहिलं. नव्हताच.

म्हणजे मी कामावर गेले की ती तुझ्या खुर्चीत जाऊन बसते. ताई, त्या खोलीत तू फारशी उरलेलीच नाहीस, सगळी तीच आहे. आणि तीच धूळ तिच्या छातीत जातेय. लोकरीचं काही न बोलता मी तिला समजावलं, की धुळीत कातडी थोडी, बाहेरची मातीच जास्त. तर म्हणाली, "तुला मेलीला सगळ्यात मातीच दिसते."

माझं शास्त्र तिला पटत नाही, तुझी चेष्टा पटते. म्हणून हे पत्र. फोनवर बोलायचं तर ती शेजारीच बसलेली असते. रविवारी तूच तिला सांग की ती थट्टा होती, खोली झाडू दे. केर मीच काढीन, कोपऱ्यापासून. लोकरीचं तिला कळू देऊ नकोस, लाजेल. आणि जमलं तर, अगदी सहज आठवल्यासारखं, एवढंच म्हण, की दुपारच्या वेळी धाकटीच्या खोलीतही ऊन छान येतं.

तुझीच,
शेपूट