चिकू शून्य एक दोन

३० ऑक्टोबर २००१, मंगळवार

परत मेलं हे कारखान्याचं कॉम्प्युटर मशीन! तीन वाजून दहा मिनिटं. काळ्या स्क्रीनवर आकड्यांची रांग, खाली तेच — कर्नल पॅनिक. या लिनक्स सिस्टीमचा गाभाच घाबरून बसला, मी काय करू? गेटपास छापणं बंद. खोक्यांचे दोन ट्रक गेटवर, हॉर्नवर हॉर्न. मॅनेजर सावळीरामसाहेब काचेबाहेरूनच ओरडले, "लय झालं तुझं लिनक्स! दिवाळीपर्यंत नीट नाय झालं तर उचलून फेकणार. मग तू बी जा सुरगाण्याला, तुझ्या गावाला!"

आत कोणीच येत नाही. एसीची खोली, चपला काढाव्या लागतात. सगळे काचेतूनच बोलतात.

३१ ऑक्टोबर

मेलं. नाशिकच्या हेड ऑफिसला फोन केला. तिथे प्रतिभा मॅडम आहेत, त्यांना लिनक्स येतं. मी स्क्रीनवरचा पत्ता, म्हणजे आकडे आणि मध्येमध्ये ए ते एफ अक्षरं, वाचायचा, मॅडम त्यांच्याकडच्या यादीत बघून सांगणार — गाभ्यात नेमकं कुठे अडकलं ते. पण लाइनवर ही खरखर! "बी की डी? नीट बोला हो!"

मग त्यांनीच ठरवलं. ए अंजीर, बी बटाटा, सी चिकू, डी डाळिंब, ई इडलिंबू, एफ फणस. मी सुरू केलं, "चिकू शून्य एक दोन, फणस, बटाटा..." त्या हसत सुटल्या. मीही. सिन्नरला आल्यापासून माझ्या बोलण्यावर कोणी हसलं नव्हतं.

२ नोव्हेंबर

मेलं. आज दोन इडलिंबू. फोन अठरा मिनिटं.

३ नोव्हेंबर, शनिवार

मशीन धड चाललं. दिवसभरात मेसवर "अजून एक पोळी" म्हणालो, तेवढंच.

५ नोव्हेंबर

मेलं — आणि मला आनंद झाला! नोकरी जायची वेळ आलीय आणि हा गाढव खूश!

पत्ता वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गावी नागलीची भाकरी मिळत असेल ना?" म्हटलं, "गावी मिळते. इथे कोण करणार?" त्या म्हणाल्या, "मीही इथे मेसचा डबाच खाते." काम कधीच संपलं होतं. फोन मात्र कोणी ठेवला नाही.

६ नोव्हेंबर

त्यांचाच फोन आला! पहिल्यांदाच. "संतोष, सगळे पत्ते समोर मांडलेत. दर वेळी वेगळा आहे. प्रोग्रॅम चुकला असता तर एकाच जागी मेला असता. मशीन तापतंय. खोलून बघा."

खोललं. पंख्यात झेंडूच्या पाकळ्या! सुकून, चुरा होऊन बसलेल्या. दसऱ्याला यंत्रपूजा केली, हार मीच घातला. पुढे अडकवायला जागा नव्हती म्हणून मागे, पंख्याच्या जाळीवर. पूजेचा हार आपल्या हाताने कसा काढायचा, म्हणून तसाच ठेवला. आठ दिवस लिनक्सला शिव्या खायला लावल्या मी!

प्रतिभा मॅडमना सांगितलं. "पिवळा की केशरी?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि पोट धरून हसल्या.

९ नोव्हेंबर

तीन दिवस मशीन चालू. सावळीरामसाहेब काचेतून म्हणाले, "जमलं की रे!" जमलं.

फोन करायला कारणच उरलं नाही.

१४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

गावाला गेलो नाही. साहेबांना म्हटलं, मशीनवर लक्ष ठेवतो. मेस बंद. चिवडा खाल्ला. फार एकटं वाटलं. इथे तरी खोटं कशाला लिहू?

१९ नोव्हेंबर, सोमवार

न राहवून फोन लावला. म्हटलं, "मॅडम, परत मेलं. लिहून घेता? चिकू, शून्य, एक, डाळिंब..." पत्ता मनानेच रचत होतो.

मध्येच त्या म्हणाल्या, "संतोष, मी दुसऱ्या लाइनवरून, मॉडेमने तुमच्याच मशीनमध्ये आहे आत्ता. तेरा दिवस सलग चालू दाखवतंय."

माझे कान तापले. फोन ठेवून द्यावा का?

तिकडे वहीतून कोरा कागद फाडल्याचा आवाज आला.

"हं, लिहून घेते. डाळिंब झालं. पुढचं सांगा."