निर्व्यसनी असल्याचा कागद

४ जानेवारी १९९६, भवानीनगर
आजपासून दवाखान्यात प्रत्येक पेशंटला छापील प्रश्नावली. दारू? तंबाखू? बिडी? हो किंवा नाही. एकदम सायंटिफिक. एप्रिलमध्ये बारामतीला डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये पेपर वाचणार. आठ वर्षं नुसती खोकल्याची औषधं देतोय, आता जरा नाव होऊ दे. पहिला फॉर्म आईचा, मीच भरला. विचारायचं काय त्यात? तिन्ही 'नाही'.

९ जानेवारी
नर्स शकुबाई म्हणते, बायकांना मिसरीचं बी इचारा, तंबाखूच असती ती. तिला सांगितलं, मिसरीनं दात घासतात, व्यसन वेगळं. म्हणाली, दिसातनं सात येळा कोण दात घासतं वो? हिला उत्तर देत बसलो तर झालंच. चारशे फॉर्म छापून झालेत.

२२ जानेवारी
गावातले बापूसाहेब सकाळी दहालाच झोकांड्या खात आले. दारूपुढं 'नाही' लिहून सही ठोकली. वर माझी सही आणि शिक्का मारून कॉपी मागितली, पोराच्या सोयरिकीत दाखवायला. दिली. कागदावर आहे तेच मी मानतो. आता कॉपीसाठी रांग लागते. लोकांत जागृती होतेय!

११ फेब्रुवारी
बायका ११२. व्यसनी शून्य. पुण्यामुंबईच्यांनी येऊन शिकावं.
आईच्या गालात आतून काही झोंबतंय म्हणे. बी-कॉम्प्लेक्स दिलं.

३ मार्च
आई आता नुसत्या कण्या खाते. शकुबाई म्हणाली, डॉक्टर, तोंडात बगा तरी त्यांच्या. माझ्याच आईबद्दल मला शिकवते! पेपर लिहून झाला की बघतो.

३० मार्च, रात्री
बघितलं. सुपारीएवढी गाठ. पेपर तसाच टेबलावर पडलाय.

२ एप्रिल, पुणे
मोठ्या डॉक्टरांनी आईला विचारलं, मिसरी किती वर्षं? ती म्हणाली, लगीन झाल्यापास्नं, पर व्यसन कसलं बी न्हाय मला. आणि पिशवीतनं शिक्क्याची कॉपी काढून पुढं केली. घडी घालून जपली होती. माझ्याकडनं कधी मागून घेतली, आठवत नाही.
डॉक्टरांनी वाचली. म्हणाले, दोन महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. शिक्का पुसट होता. त्यांनी विचारलं, ही सही कुठल्या डॉक्टरची? आई कौतुकानं माझ्याकडं बघून सांगायला गेली, पण कळ आली, तोंड उघडेना.
मी म्हणालो, तिकडचे कुणीतरी आहेत.